येळवसची भज्जी बरणीत भरता येईल का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, मैत्रिणींच्या आग्रहावरून इथं छापत आहोत.)

चुलीवर काही ठेवलेलं असेल तर आच जरा कमी करा, कारण आजचं बोलणं चुलीबद्दलचंच आहे.

मागच्या महिन्यात एका ताईंचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, "माझी लेक पुण्याला कंपनीत आहे. येळवसला तिला रजा मिळत नाही. आपली भज्जी बरणीत भरून, कुकरला लावून, वर्षभर टिकेल अशी करून पाठवता येईल का? मोबाइलवर एक बाई तसं करताना दाखवतात."

हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. कारण हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाला पडला होता, आणि आम्ही कुणाला न विचारता त्याचं उत्तर देऊन बसलो होतो. काय झालं ते आधी सांगते, रेसिपी नंतर.

येळवस झाली होती. शेतात तुरीच्या शेंगा भरलेल्या, हरभरा घाट्यावर आलेला. आमच्या गटात आम्ही दहाजणी. पुढं उजेडला गांधीबाबाची यात्रा होती. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, उजेडला जानेवारीत महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते, पाळणे, दुकानं, कुस्त्या, सगळं असतं. तर आम्ही ठरवलं, यात्रेत स्टॉल लावायचा आणि हिरव्या तुरीचे सोललेले दाणे बरणीत भरून विकायचे. लोकांना उन्हाळ्यात ओली तूर मिळाली तर कोण घेणार नाही? एका आचाऱ्याकडून मोठा कुकर आणला. दाणे मिठाच्या पाण्यात चार शिट्ट्या करून शिजवले. जुन्या जामच्या आणि लोणच्याच्या बरण्या घासून-पुसून घेतल्या, त्यात गरम गरम भरले, झाकणं आवळली, आणि वरून पातेल्यात वीस मिनिटं उकळल्या. सव्वीस बरण्या झाल्या. ओळीनं मांडल्या तेव्हा हिरव्यागार दिसत होत्या. फोटोसुद्धा काढले.

माझ्या जाऊबाईंनी त्यातल्या दोन बरण्या पुण्याला लेकीकडं पाठवून दिल्या. एसटीत ओळखीचं कुणीतरी जात होतं.

अकराव्या दिवशी एका बरणीचं झाकण मधोमध फुगलेलं दिसलं, भाकरी फुगते तसं. एक म्हणाली, गॅस झाला असेल, उघडून पुन्हा उकळू. दुसरी म्हणाली, वास घेऊन बघू. मला काय सुचलं कोण जाणे, आम्हाला पापडाचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या गृहविज्ञानाच्या मॅडमचा नंबर होता, त्यांना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. आत आंबट काही घातलंय का? बरणी कुकरमध्ये दाबाखाली किती वेळ होती? आणि आतापर्यंत कुणी खाल्लंय का? मी म्हटलं, आंबट काही नाही, बरणी नुसती उकळली, आणि दोन बरण्या पुण्याला गेल्यात. त्या म्हणाल्या, "आधी पुण्याला फोन करा, माझ्याशी नंतर बोला."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. लेक फोन उचलेना. चौथ्या वेळी उचलला. एक बरणी तिनं उघडली होती, दाणे वाटीत काढून ठेवले होते, कांदा चिरून झाला होता, फोडणी द्यायची बाकी होती. जाऊबाई फोनवर तिला एवढंच ओरडत होत्या, "तोंडात घालू नको गं बाई, तोंडात घालू नको." नंतर त्या ओट्यावर बसून रडल्या. माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

राहिलेल्या बरण्या आम्ही न उघडता पिशव्यांत बांधल्या, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब खोल खड्डा खणून पुरल्या. प्रत्येकीचे दीडशे रुपये गेले. बाकी काही गेलं नाही, म्हणून आज हे सांगायला मी इथं बसले आहे.

आता यातलं विज्ञान. सोपं आहे, घाबरू नका.

मातीत एक जंतू असतो. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम असं त्याचं नाव. नाव विसरलात तरी चालेल, स्वभाव विसरू नका. आपल्या शेतातल्या हराळीसारखा हा आहे. हराळी वरून कितीही खुरपा, खाली काशा राहतातच, पाऊस पडला की पुन्हा वर. तसंच हा जंतू उकळत्या पाण्यात मरतो, पण त्याचं बी मरत नाही. ते बी तासन् तास उकळलं तरी जिवंत राहू शकतं. आणि त्याला उगवायला काय लागतं? हवा नको, ओल हवी, आंबटपणा नको, आणि घरातली साधी ऊब हवी. म्हणजे झाकण घट्ट लावलेली, आत तुरीचे दाणे आणि मिठाचं पाणी असलेली, फळीवर ठेवलेली बरणी. आम्ही त्याच्यासाठी वाफाच तयार करून दिला होता!

तो उगवला की विष तयार करतो. त्या विषानं होणाऱ्या आजाराला बोटुलिझम म्हणतात. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ जड होते, घोट गिळत नाही, मग हातपाय आणि शेवटी श्वास. ताप बहुतेक नसतो, त्यामुळं माणसाला कळत नाही काय होतंय. बहुतेक वेळा खाल्ल्यापासून बारा ते छत्तीस तासांत ही लक्षणं दिसतात. अशी शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. आणि झाकण फुगणं, वास येणं हे दरवेळी होईलच असं नाही. कधी कधी बरणी दिसायला चांगली असते, वासही नसतो. म्हणून चव घेऊन बघणे ही तपासणी नव्हे. आपल्या देशात हे होत नाही असं समजू नका. १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेत मुलांना असाच आजार झाला, तीन मुलं गेली. तिथं तर संशय शेवेवर होता, बरणीवर नव्हे.

मग माणसं डब्यात अन्न टिकवतात ते कसं? दोन वाटा आहेत. एक आंबटाची, दुसरी दाबाची.

आंबटाची वाट आपल्याला आजीपासून माहीत आहे. कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, चिंचेचा गोळा, हे का टिकतं? आंबट असतं म्हणून, मीठ असतं म्हणून. या जंतूचं बी आंबटात उगवत नाही. शास्त्रज्ञ आंबटपणा एका आकड्यानं मोजतात, त्याला पीएच म्हणतात. आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. ४.६ ही हद्द आहे. त्याच्या खाली हा जंतू उगवत नाही, वर उगवतो. कैरी, लिंबू, आवळा, चिंच हे हद्दीच्या चांगलेच खाली. तूर, हरभरा, वटाणा, गवार, भेंडी, वांगी, गाजर, मका, मटण हे सगळं हद्दीच्या वर. आणि टमाटे? टमाटे बांधावर उभे आहेत. काही जाती आंबट, काही गोडसर, एकाच झाडाचे कच्चे-पिके वेगळे. म्हणून टमाट्याला आपण हाताला धरून आंबटाच्या बाजूला आणायचं.

सुरुवात करायची असेल तर टमाट्यापासून करा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुरीपासून नको. आणि टमाट्याचं कारण फक्त सोपेपणा नाही. २०२३ चा पावसाळा आठवा. जुलैमध्ये टमाटे शंभरच्या पुढं गेले होते, आपण भाजीत चिंच टाकत होतो. आणि सप्टेंबरपर्यंत भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतले. दोन-अडीच महिन्यांचं अंतर! ज्या घरात पंधरा बरण्या फळीवर असतील, त्या घराला हा खेळ निम्मा तरी चुकवता येतो.

आता नीट ऐका, कागद-पेन असेल तर घ्या.

टमाटे पिके पण घट्ट हवेत. सडका, बुरशी लागलेला, फुटलेला कापून वापरू नका. बुरशीनं आंबटपणा कमी होतो, म्हणजे नेमकं जे हवं तेच जातं. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट घालून गार पाण्यात टाका, साल निघून येते. मग फोडी करा, पातेल्यात थोड्या थोड्या घालून ठेचत जा, सगळं उकळलं की पाच मिनिटं उकळी चालू ठेवा. साधारण दहा किलोत अर्ध्या लिटरच्या पंधरा-सोळा बरण्या होतात.

आंबट किती घालायचं? किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, सायट्रिक ॲसिड. अंदाजानं चिमूट नको. लेकरांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं छोटं झाकण येतं ना, त्यावर ५ आणि २.५ अशा रेघा असतात. ते धुऊन कोरडं करा. एक लिटरच्या बरणीला २.५ च्या रेघेपर्यंत सपाट भरून लिंबूसत, अर्ध्या लिटरला त्याच्या निम्मं. हे प्रत्येक बरणीत आधी तळाला घालायचं, मग वरून गरम टमाटा. पातेल्यात एकदम घालून ढवळलं तर कुठल्या बरणीत किती गेलं ते कळत नाही. घरच्या लिंबाचा रस का नको, असं विचाराल. लिंबू लिंबावर अवलंबून आहे, एक रसरशीत आंबट, एक फिकं. मोजमापाचं लिंबूसत बरं. आंबट लागलं तर पुढं भाजी करताना गुळाचा खडा टाका.

आणि बरणीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, तेल काही घालू नका. चवीला वाटेल घालावं. पण हे सगळे बिनआंबट, ते टमाट्याला पुन्हा बांधाच्या पलीकडं ओढतात. नुसता टमाटा, लिंबूसत, हवं तर मीठ. फोडणी कढईत.

बरणी काचेची, चीर नसलेली, गरम पाण्यात ठेवलेली. वर अर्धा इंच जागा सोडा. तोंडाची कड स्वच्छ फडक्यानं पुसा, कारण एक बी अडकलं तरी झाकण बसत नाही. झाकण दरवेळी नवीन. हा खर्च वाचवू नका. बरणी पुन्हा चालते, झाकणाच्या आतलं रबरासारखं अस्तर एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही. आम्ही जुन्या लोणच्याची झाकणं वापरली होती, त्यांना तर तेल मुरलेलं होतं.

खोल पातेल्यात तळाला जाळी किंवा जाड फडकं, त्यावर बरण्या उभ्या, एकमेकींना न चिकटता. झाकणावर एक इंच पाणी यायला हवं. पाणी खळखळ उकळायला लागलं की तेव्हापासून वेळ मोजायचा. अर्धा लिटर ४० मिनिटं, लिटर ५० मिनिटं. ही वेळ आपल्या उंचीसाठी आहे. आपला बालाघाटचा पठारी भाग समुद्रापासून पाच-सहाशे मीटर वर आहे, इथं पाणी १०० अंशाला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. कोकणातल्या बहिणीपेक्षा आपल्याला पाच मिनिटं जास्त लागतात. मध्येच जळण संपलं, उकळी बसली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मला माहीत आहे, हे जिवावर येतं. म्हणून लाकडं आधी जवळ आणून ठेवा आणि त्या वेळात दुसरीकडं जाऊ नका.

काढल्यावर बरण्या घडी केलेल्या फडक्यावर ठेवा, गार फरशीवर ठेवल्या तर तडकतील. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मधोमध बोटानं दाबा. आत ओढलेलं असेल, हलत नसेल, तर बसलं. टक्-टक् वाजत असेल तर ती बरणी त्या दोन-तीन दिवसांत वापरून टाका. बाकीच्यांवर तारीख लिहा, अंधाऱ्या फळीवर ठेवा, वर्षात संपवा.

पिकलेल्या आंब्याच्या रसालाही असंच आंबट घालावं लागतं, तो गोड झाला की हद्दीच्या जवळ येतो. त्याचं माप आणि वेळ वेगळी, ती हंगामात सांगेन.

आता दाबाची वाट. इथंच मोबाइलवाली बाई आपल्याला फसवते, कदाचित तिला स्वतःलाच माहीत नसेल.

बिनआंबट गोष्ट बरणीत टिकवायची तर ते हट्टी बी मारावं लागतं, आणि ते मरायला सुमारे १२० अंश उष्णता लागते. उघड्या पातेल्यात पाणी तिथं कधीच पोचत नाही, दिवसभर जाळ लावला तरी. दाबाखालीच पोचतं. त्यासाठी प्रेशर कॅनर नावाचं भांडं असतं. जाड, उंच, लिटरच्या चार तरी बरण्या उभ्या मावतील एवढं मोठं. त्यात दोन-तीन इंच पाणी घालून बरण्या ठेवतात, झाकण लावून आधी दहा मिनिटं वाफ नुसती जाऊ देतात, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग वजन ठेवतात. आपल्या उंचीला १५ पौंडांचं वजन लागतं. दाब आला की घड्याळ लावायचं. हिरव्या वटाण्याला ४० मिनिटं. नंतर जाळ बंद करून ते आपोआप गार होऊ द्यायचं. वरून पाणी ओतायचं नाही, वजन उचलायचं नाही. गार होण्याचा तो वेळसुद्धा बी मारण्याच्या हिशेबात धरलेला असतो.

"मग आपल्या कुकरमध्ये काय वाईट आहे, त्यातही दाब असतोच की!" असं मला गटात सगळ्यांनीच विचारलं. दाब असतो, बरोबर. पण घरातला पाच लिटरचा कुकर झटकन तापतो आणि झटकन गार होतो. तपासून ठरवलेल्या वेळा त्याच्यासाठी नाहीत. आणि शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. मोठ्या जाळावर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक जाळावर वीस मिनिटांत. डाळ शिजली की नाही ते डाळ सांगते. बी मेलं की नाही ते कोण सांगणार? आम्ही तर दाणे कुकरमध्ये शिजवले आणि नंतर बरणीत भरले. म्हणजे चमच्याबरोबर, बरणीबरोबर, हाताबरोबर बी पुन्हा आत गेलंच. दाब बरणी बंद झाल्यावर लागतो, आधी नव्हे. एवढी साधी गोष्ट आम्हा दहाजणींत एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

एक गंमत सांगते. बंद बरणी उकळून अन्न टिकवायची युक्ती ज्यानं जगाला दिली, तो निकोला अपेर नावाचा फ्रान्सचा हलवाई होता. १८१० साली तिथल्या सरकारनं त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं. अन्न जंतूंमुळं नासतं हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. त्यानं वर्षानुवर्षं बाटल्या उकळून, फुटलेल्या-नासलेल्या फेकून, मोजून-लिहून हे शिकून घेतलं. आमच्या सव्वीस बरण्यांचं दुःख त्यानंतर जरा हलकं झालं. फरक एवढाच की आता मोजून ठेवलेलं तयार आहे, आपल्याला पुन्हा लेकरांवर प्रयोग करायची गरज नाही.

तर ताई, तुमचा प्रश्न. भज्जी बरणीत भरता येईल का?

नाही. कॅनर आणला तरी नाही. भज्जीत बेसन असतं, ती घट्ट असते. पातळ पाण्यात उष्णता फिरते, घट्ट पिठल्यासारख्या पदार्थात ती कडेलाच अडते, बरणीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. कडेचं शिजून जळेल आणि मधलं बी तसंच राहील. म्हणून पीठ लावलेली, घट्ट रश्श्याची कुठलीच गोष्ट घरी डबाबंद करायची नाही. चिंच घातलीय म्हणून चालेल असंही नाही, एवढ्या तुरीला-वालाला ती चिंच पुरत नाही. नुसते हिरव्या तुरीचे दाणे पाण्यात? तिकडं कॅरिबियन बेटांवर हिरवी तूर डब्यात मिळते, हे ऐकून मलाही आश्चर्य वाटलं, आपली तूर एवढ्या लांब! पण ती कारखान्यात होते. घरच्या कॅनरसाठी तुरीची तपासलेली वेळ माझ्या हातात आल्याशिवाय मी तुम्हाला "करा" म्हणणार नाही.

कॅनर घ्यायचाच असेल तर एकटीनं घेऊ नका. महाग आहे, आपल्या बाजारात सहज मिळत नाही. दोन-तीन गटांत मिळून एक, आणि वापरणारीनं आधी शिकून घ्यायचं. कृषी विज्ञान केंद्रात, परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नप्रक्रियेची माणसं आहेत, तिथं जाऊन विचारा. "आम्हाला बरणीतल्या पदार्थाचा पीएच मोजून मिळेल का," एवढं जरी विचारलंत तरी समोरचा माणूस नीट बसून बोलतो, हा माझा अनुभव आहे. विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, छोट्या उत्पादकाला ती अवघड नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, २०२० ला सुरू झालेल्या, बचत गटातल्या बाईला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलं होतं. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण पहिलं वर्ष विकू नका. आपल्या घरात खा, तारखा लिहा, किती बसल्या, किती फसल्या ते वहीत मांडा. आम्ही उलटं केलं होतं, आधी स्टॉल ठरवला, मग बरणी.

आणि एक सांगू? आपल्याकडं पाण्याचा भरवसा नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपण घागरी मोजत होतो. बरण्या धुवायला, उकळायला पाणी लागतं, जळण लागतं. वाळवणाला फक्त ऊन लागतं आणि ते आपल्याकडं कधी कमी पडत नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्या आपल्या आज्या-सासवांनी गवार, मेथी, सांडगे, खारोड्या वाळवून ठेवल्या त्या हौसेनं नव्हे. मोबाइलवर काचेच्या बरण्या चमकतात म्हणून माळवदावरचं वाळवण मागासलेलं होत नाही. मराठवाड्यातल्या बाया सौर वाळवणी यंत्रावर भाजीपाला वाळवतात, त्या कामातल्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीला २०२३ साली अर्थशॉट नावाचं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. जग ज्याला आज बक्षीस देतंय, ते आपण उन्हाळ्यात लेकरांना कावळे हाकायला बसवून करत आलोय.

आमच्या घरात आता असं चालतं. टमाटे बरणीत. कैरी, लिंबू, आवळा लोणच्यात. तूर, वटाणा, हरभऱ्याचे सोलाणे उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढून, पातळ कापडाखाली कडकडीत वाळवून डब्यात. दाताखाली कट् वाजलं पाहिजे, वाकलं तर अजून ऊन हवं.

मागच्या येळवसला जाऊबाईंनी पुण्याला एक पिशवी पाठवली. वाळलेली तूर, वाल, सोलाणे एका पुडीत, चिंचेचा गोळा एका पुडीत, भाजलेलं बेसन, तीळ, शेंगदाणे आणि वर चिठ्ठी, की दाणे रात्री भिजत घाल, गाजर आणि मेथी तिकडं ताजी घे, आंबिलीला ताक आंबट घे. संध्याकाळी लेकीचा फोन आला. जाऊबाईंनी पहिलं विचारलं, "शिजवून खाल्लीस ना?" तिकडून हसण्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. म्हणाली, "आई, बेसन कमी पडलं. पुढच्या वेळी जास्त घाल."